घरशाळा (मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणं): सहावी ते आठवीच्या वयात विज्ञान कुठल्या क्रमाने घेतलंत?

सईची आई
माळा आवरताना लेकीची जुनी वही सापडली. उभं चिरलेलं जास्वंदीचं फूल सेलोटेपखाली पार तपकिरी झालंय आणि खाली तिचं अक्षर: 'आतून चिकट. मुंगी आली.' तेव्हाचे घरातले वाद आठवले, आधी जीवशास्त्र की भौतिक? नवरा इंजिनिअर. त्याच्या मते भौतिकाशिवाय सगळी घोकंपट्टी. शेवटी ऋतूंनीच निकाल लावला. पावसाळ्यात बिया, बुरशी, डबक्यातली बेडकाची पिल्लं. दिवाळीनंतर आभाळ मोकळं, मग ग्रह-तारे आणि प्रकाश. उन्हाळ्यात उष्णता, बाष्पीभवन. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली (भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, सावली गायब), की भूमिती आणि भौतिक दोन्ही गच्चीवर! रसायनाचं नंतर लिहिते, कुकर झाला. तुम्ही लिहा.

धोंडूनाना
शून्य सावली जुलैअखेरही असते हो. पण ढग दिसू देतील तर शपथ.

अनु_ठाणे
आमचा क्रम बालभारतीचा. सहावी ते आठवी सामान्य विज्ञान एकत्रच आहे, दोन भाग थेट दहावीला. आणि घरात पुस्तक दिसलं की सासूबाई 'हा शाळेत कधी जाणार' विचारत नाहीत, हा फायदा वेगळाच.

सईची आई
अनु 😂 आमच्याकडे तो प्रश्न वॉचमनकाकाही विचारायचे.

गण्या_न्यूजर्सी
इथे घरशाळावाले बरेच जण अजून जुना क्रम धरतात: सहावीला पृथ्वी, सातवीला जीव, आठवीला भौतिक-रसायन. लिऑन लेडरमन (१९८८चं भौतिकाचं नोबेल) उलटं सांगायचे. भौतिक आधी, मग रसायन, शेवटी जीव, कारण आजचं जीवशास्त्र रेणूंवर उभं आहे. पण ते हायस्कूलसाठी. अकरा वर्षांच्या पोराला डीएनए सांगण्यापेक्षा गांडूळ दाखवलेलं बरं. आत्ता बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे गांडूळही रद्द.

कपबशी
गणित कुठवर आलंय ते बघा आधी. वेग काय, घनता काय, शेवटी भागाकारच. गुणोत्तर कच्चं असेल तर मूल सूत्र पाठ करतं आणि आपल्याला वाटतं समजलं. तोवर गाळणं, विरघळवणं, स्फटिक करत बसा. कोमट पाण्यात तुरटी मावेल तेवढी विरघळवायची, दोरा सोडायचा आणि हात लावायचा नाही. आमचे चिरंजीव येता-जाता दोरा वर काढून बघायचे, स्फटिक साखरेच्या दाण्यापुढे गेलाच नाही.

धोंडूनाना
एकूण जीव आधी, पण हायस्कूलात नको, असं ठरलं तर.

मीनल_इंदूर
होशंगाबाद विज्ञान कुणाला आठवतं का? १९७२ पासून मध्य प्रदेशात, सहावी ते आठवी, साध्या सरकारी शाळांत. आधी प्रयोग, मग चर्चा, व्याख्या मुलांनी आपल्या शब्दांत करायची. २००२ मध्ये सरकारने बंद केलं. बाबा शिक्षक होते, अजून हळहळतात. आमच्या घरशाळेत तेच. लेकाने सायकलची चेन उतरवली तर त्या आठवड्याला यंत्रं.

अनु_ठाणे
पण मग दहावीला गाळलेलं कळतं कसं?

मीनल_इंदूर
एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त शाळा, घरी शिकूनही दहावी देता येते) अभ्यासक्रम छापून फ्रिजवर लावलाय, झालं की खूण. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, घाई कुठेय.

सईची आई
आले. रसायन आम्ही वर्षभर सांडत ठेवलं. हळदीच्या कागदावर चुना लावला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. आजी म्हणाल्या, कुंकू असंच तर करतात! अणू-रेणू मात्र आठवीच्या वयापर्यंत काढलेच नाहीत.

कपबशी
हळदीचे डाग ओट्यावरून कसे काढलेत?

सईची आई
उन्हाने. ओटा नव्हे गं, कापड 😀 ओट्याचा आहे तसाच.

नवीन_बाबा
वाचतोय. मुलगी दहाची, जूनपासून सुरू करणार. जुना मायक्रोस्कोप कुणाला द्यायचाय का? डोंबिवली.

गण्या_न्यूजर्सी
आधी फोल्डस्कोप घ्या. कागदी असतो, घडी घालून मुलंच बनवतात, कांद्याची पेशी मस्त दिसते.

धोंडूनाना
कांदा सध्या परवडतोय का पण?