लेकीबरोबर खेळताना फक्त मलाच जड जातील असे गेममधले पर्याय सुचवा

गोदाकाठ

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत भावाने दुबईहून निन्टेंडो स्विच आणला, तेव्हापासून रविवारची दुपार आम्हा दोघांची. घरात लॅपटॉपही आहे, त्यावर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम चालतो. मी नव्वदच्या दशकात कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर वाढलो, त्यामुळे माझा हात बसलेला आहे. ती नवी आहे. दहातले नऊ डाव मी जिंकतो.

सुरुवातीला मी मुद्दाम हरायचो. मारिओ कार्टमध्ये शेवटच्या वळणावर गाडी भिंतीला घासायची, तिला पुढे जाऊ द्यायचं. तिसऱ्या रविवारी तिने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तू आत्ता मुद्दाम भिंतीवर गेलास. मी कच्चा लिंबू आहे का?"

मला आमच्या वाड्याचं अंगण आठवलं. धाकट्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो आउट झाला तरी आउट नाही. ज्या दिवशी त्याला हे कळायचं त्या दिवशी तो रडत घरी जायचा. पण त्याच अंगणात दुसरीही एक रीत होती. आमच्यातला सगळ्यात चांगला बॅट्समन डाव्या हाताने खेळायचा. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर ठरवून. त्याची विकेट मिळाली की ती खरी विकेट असायची, कारण त्या डाव्या हाताने तो जीव तोडून खेळत असे.

मला गेममधला तो डावा हात हवा आहे. पर्याय फक्त माझ्या बाजूला लागू व्हावा, तो तिला पडद्यावर दिसावा, आणि त्याच्या बदल्यात मला काहीही मिळू नये. शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच गेममध्ये अवघड पर्याय घेतला की जादा नाणी, जादा गुण मिळतात. मग तो सौदा होतो. मला निव्वळ तोटा हवा आहे. वयाला शोभतील असेच गेम सुचवा, रक्तपात नको.

रेवदंडा

सुपर स्मॅश ब्रदर्स घ्या. त्यात नियमांच्या यादीत हँडिकॅप नावाचा पर्याय आहे. या गेममध्ये आयुष्याची पट्टी नसते. मार खाल्ला की तुमचे टक्के वाढतात आणि टक्के जितके जास्त तितके तुम्ही लांब फेकले जाता. हँडिकॅप लावला की तुम्ही शंभर टक्क्यांपासून सुरुवात करू शकता आणि ती शून्यापासून. तिचा एक फटका नीट बसला तरी तुम्ही पडद्याबाहेर. आकडा खाली सतत दिसत असतो, त्यामुळे लपवाछपवीला जागाच नाही. भाच्याबरोबर मी ८० पासून सुरुवात केली होती, आता ३० वर आलोय. आकडा खाली आणायचा की नाही हे तोच ठरवतो.

शुभ्रकमळ

गोदाकाठ, मारिओ कार्ट ८ डिलक्स खेळत असाल तर आधी एक तपासा. तिच्या गाडीच्या मागे छोटासा अँटेना आहे का?

असेल तर तिच्या बाजूला स्मार्ट स्टीअरिंग चालू आहे. ही सोय रस्त्याबाहेर जाऊ देत नाही, गाडी आपोआप आत ओढते. चार वर्षांच्या मुलाला ती वरदान आहे. पण जरा हात बसलेल्या मुलाचं तिने नुकसानच होतं. गवतातून जाणारे काही आडरस्ते घेता येत नाहीत, कारण गाडी तुम्हाला परत रस्त्यावर आणते. आणि ड्रिफ्ट करताना, म्हणजे वळणावर गाडी घसरवताना, चाकाखालून आधी निळ्या, मग नारिंगी, मग जांभळ्या ठिणग्या येतात ना? स्मार्ट स्टीअरिंग चालू असताना ती शेवटची जांभळी पायरी मिळतच नाही, म्हणजे सगळ्यात मोठा झटका तुमच्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. नव्याने खेळणाऱ्याला ही सोय आधीपासूनच चालू असते, म्हणून लक्षात येत नाही. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबलं की बंद करता येते.

तुमच्यासाठी: ड्रिफ्ट करायचाच नाही. कुठल्याही यादीत हा पर्याय नाही, घरचा नियम आहे, पण तुमची दुसरी अट तो पूर्ण करतो. बाबांच्या चाकाखाली ठिणगी दिसली की बाबांनी थांबायचं आणि तीन मोजायचे. आमच्या घरी हे काम माझा धाकटा मन लावून करतो.

गोदाकाठ

ताई, आत्ताच जाऊन पाहिलं. अँटेना आहे. तीन महिने मी तो पाहतोय आणि मला ती सजावट वाटत होती. ती बिचारी म्हणायची, "माझ्या ठिणग्या जांभळ्या का होत नाहीत?" आणि मी सांगायचो, अजून थोडा वेळ दाबून धर. तिच्यापाशी बसून बंद केलं. पहिल्या दोन फेऱ्यांत चार वेळा खाली पडली. तिसऱ्या फेरीत जांभळी ठिणगी आली आणि ती उभी राहून ओरडली.

पाऊलवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. हरू द्या की तिला. मी मोठ्या बहिणीकडून कॅरममध्ये तीन उन्हाळे हरले आणि त्यातूनच शिकले. आपण मुलांच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलायला लागलो आहोत.

निळीशाई

पाऊलवाट, ते खडे उचलत नाहीयेत, स्वतःच्या बुटात घालताहेत. दोन्हीत फरक आहे. आणि तीन उन्हाळे हरूनही खेळत राहणारी मुलं असतात तशी तिसऱ्या डावाला उठून जाणारीही असतात. मी उठून जाणाऱ्यातली होते. मला कोणी डाव्या हाताने खेळून दाखवलं असतं तर मी आज बॅडमिंटन खेळत असते.

आता माइनक्राफ्ट. गोदाकाठ, तुमच्या तिन्ही अटींना बसणारी वस्तू माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती म्हणजे कोरलेला भोपळा.

कात्रीने भोपळा कोरला की तो हेल्मेटच्या जागी डोक्यावर घालता येतो. घातला की तुमच्या पडद्यावर भोपळ्याच्या डोळ्यांच्या फटी येतात आणि बाकी सगळा काळोख. चिलखताचं संरक्षण शून्य. तिचा पडदा स्वच्छ. तिला मात्र समोर भोपळ्याच्या डोक्याचे बाबा दिसतात.

हा भोपळा तुम्ही केव्हाही काढू शकता, आणि गुहेत अंगावर तीन सांगाडे आले की काढालच. म्हणून त्यावर बंधनाचा शाप चढवायचा. २०१६ मध्ये १.११ आवृत्तीत दोन शाप आले, बंधनाचा आणि लोपाचा. इतर सगळे मंत्र काही ना काही देतात, हे दोन फक्त घेतात. बंधनाचा शाप असलेली वस्तू एकदा अंगावर चढली की ती तुटेपर्यंत किंवा तुम्ही मरेपर्यंत निघत नाही. आणि भोपळा हेल्मेटसारखा झिजत नाही, त्यामुळे तुटायचा प्रश्नच नाही. शापाचं पुस्तक मासेमारीत मिळतं, खजिन्याच्या पेट्यांत मिळतं, गावातल्या ग्रंथपालाकडे विकतही मिळतं. ऐरणीवर पुस्तक आणि भोपळा एकत्र करा. भोपळा डोक्यावर चढवायच्या आधी तिच्या हातात द्या आणि "घाल" असं तिला म्हणू द्या. खेळ तिथेच बदलतो.

एक पळवाट आधीच बंद करा. एफ-५ दाबून कॅमेरा पाठीमागे नेला की फटी नाहीशा होतात आणि सगळं दिसायला लागतं. एफ-५ वर्ज्य.

माइनक्राफ्टच्या हार्डकोअर नावाच्या एकाच जिवाच्या प्रकाराच्या वाटेला मात्र जाऊ नका. कुणीतरी सुचवेलच म्हणून लिहिते. ते सगळ्या जगाला लागू होतं. ती मेली तर त्या जगात तिला फक्त भुतासारखं फिरून बघता येतं. अकरा वर्षांच्या मुलीने दोन महिने बांधलेलं घर असं हातातून जाऊ देऊ नये.

कोकणकडा

भोपळ्याबद्दल एक दुरुस्ती. एंडरमन नावाच्या राक्षसाकडे पाहिलं की एरवी तो चवताळतो, भोपळा घातलेला असताना नाही. म्हणजे एक फायदा आहे. धागाकर्त्यांची अट निव्वळ तोट्याची आहे, म्हणून सांगितलं.

माझ्याकडून दोन सूचना. दोघं शेजारी बसून आपापला पोकेमॉन खेळणार असाल तर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन लढाईची पद्धत शिफ्टवरून सेटवर करा. शिफ्टमध्ये समोरचा पोकेमॉन पडला की गेम तुम्हाला सांगतो, आता अमुक एक येतोय, तुम्हाला बदलायचंय का? तुम्ही फुकटात बदलता. सेटवर हा प्रश्नच येत नाही. बदलायचं तर एक पाळी घालवावी लागते आणि नवा आलेला पोकेमॉन आल्या आल्या मार खातो. त्याबद्दल नाणं नाही, पदक नाही, कुणी शाबासकीही देत नाही. अगदी पहिल्या गेमपासून हा पर्याय सेटिंगच्या पानावर गुपचूप बसलेला होता आणि जाणकार मंडळी नवा गेम सुरू केला की आधी तो लावायची. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये तो काढून टाकला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून २०१९ चे स्वोर्ड किंवा शील्ड घ्या.

दुसरं, ड्रॅगन क्वेस्ट ११, स्विचवरची एस आवृत्ती. गेम एकट्याचा आहे, पण आलटून पालटून छान खेळता येतो. सुरू करतानाच ड्रॅकोनियन क्वेस्ट नावाची यादी येते. दुकानातून काही विकत घ्यायचं नाही. चिलखत घालायचं नाही. लढाईतून पळायचं नाही. गावकरी अधूनमधून धादांत खोटं बोलणार. आणि माझं आवडतं, लाजरेपणा. ऐन लढाईत नायकाला काहीतरी जुनं आठवतं आणि लाजेने त्याची पाळी वाया जाते. हवी ती बंधनं निवडायची, एक किंवा सगळी. चर्चमध्ये किंवा सेव्ह करायच्या पुतळ्यापाशी जाऊन ती उतरवता येतात, पण एकदा उतरवली की त्या खेळात परत चढवता येत नाहीत. तुमच्या फाइलला बंधनं, तिच्या फाइलला नाहीत. कोणती बंधनं, ते तिला निवडू द्या.

मोरपीस१२

मोशन ब्लर (हालताना चित्र धूसर होणं) चालू करा, माउस ॲक्सिलरेशन (हात जोरात हलवला की बाण जास्तच पळणं) चालू करा. हे पर्याय खेळणाऱ्याचं फक्त नुकसानच करतात.

निळीशाई

मोशन ब्लर नको, डोकं दुखतं. पण सेटिंगच्या पानाची कल्पना चांगली आहे. माइनक्राफ्टमध्ये माउस उलटा करायचा पर्याय आहे. वर ढकलला की खाली बघतो, खाली ओढला की वर. डाव्या हाताच्या सगळ्यात जवळचं हेच. अडचण इतकीच की आठवड्याभरात हाताला सवय होते, आणि मग सरळ माउसच उलटा वाटायला लागतो.

आंबेडोह

कॅसेटवर वाढलात म्हणता म्हणून सुचवतो. पहिल्या सुपर मारिओचा जपानमधला दुसरा भाग, १९८६ चा. आपल्या कॅसेटवर तो मी कधी पाहिला नाही. बाहेरच्या जगात तो १९९३ मध्ये लॉस्ट लेव्हल्स या नावाने आला आणि आता स्विच ऑनलाइनच्या जुन्या गेमांत आहे. त्यात विषारी मशरूम असतं. ठोकळ्यातून बाहेर येतं, सरकत येतं, आपला हात तीस वर्षांच्या सवयीने त्याच्याकडे धावतो आणि मारिओ लहान होतो किंवा मरतो. तिसऱ्या जगाच्या सुरुवातीलाच एक वॉर्प झोन, म्हणजे एरवी पुढच्या जगात उडी मारून देणारी जागा, आहे. आनंदाने पाइपात उतरावं तर तो पहिल्या जगात परत नेऊन सोडतो.

पहिला मारिओही त्याच यादीत आहे. तिने पहिला खेळायचा, तुम्ही हा, आलटून पालटून एक-एक जीव. जो पुढे जाईल तो जिंकला. इथे तुमची जुनी सवयच तुमच्या आड येईल.

गोदाकाठ

तीन रविवार झाले, म्हणून सांगायला आलो.

मारिओ कार्टमध्ये अँटेना काढल्यापासून आणि माझा ड्रिफ्ट बंद झाल्यापासून ती दहातले चार डाव जिंकते. ठिणगीवर तिचं बारीक लक्ष असतं. विषारी मशरूम मी पहिल्याच फेरीत दोनदा खाल्लं. ते कुठल्या रंगाचं आहे हे तिसऱ्यांदा तिने ओरडून सांगितलं, प्रतिस्पर्धी असून. ड्रॅगन क्वेस्ट पगार झाल्यावर घेणार आहे.

पण भोपळ्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. शापाचं पुस्तक तिनेच मासे पकडता पकडता मिळवलं, त्याला सहा दिवस लागले. रविवारी ऐरणीवर भोपळा तयार केला, माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "घाल." मग आम्ही हिरे शोधायला खाली गेलो. मला दोन फटींतून समोरच्या दगडापलीकडे काही दिसत नव्हतं. बाजूने झॉम्बी आला तरी आवाजावरून कळायचं. थोड्या वेळाने ती पुढे जाऊन प्रत्येक वळणावर उजव्या भिंतीला मशाल लावायला लागली. "बाबा, मशाल उजवीकडे ठेवून चाल. परत येताना डावीकडे." तीन महिने मी पुढे आणि ती मागे असायची.

लाव्हाच्या काठावर मी अडकलो. म्हटलं, मरू दे मला, भोपळा तरी निघेल. ती म्हणाली, "अजिबात नाही." एकेक ठोकळा टाकत पूल करत आली आणि मला घेऊन गेली. हिरे सात मिळाले. भोपळा अजून डोक्यावर आहे.

कोकणकडा, एंडरमनचा फायदा मी तिला सांगितला. तिने विचार केला आणि ठरवलं की एंडरमन दिसला की बाबांनी कुदळीने एक फटका मारायचाच, म्हणजे हिशोब बरोबर.

आता तिला लॅपटॉपवर स्वतःसाठी तसाच भोपळा करायचाय, एक दिवस दोघांनी घालून खाली जायचं म्हणते. पुन्हा सहा दिवस मासे पकडायची तयारी नाही. ग्रंथपालाकडे हे पुस्तक कितीला पडतं?

निळीशाई

१० ते ३८ पाचू (गावकऱ्यांचं चलन) आणि वर एक कोरं पुस्तक. ग्रंथपालाशी अजून एकही व्यवहार झाला नसेल तर त्याचं वाचनमेज फोडून परत ठेवा, तो नवा माल मांडतो. शाप दिसेपर्यंत करत राहा. आणि दोघंही भोपळा घालणार असाल तर मशाली आदल्या दिवशी लावून ठेवा.