पेशी, स्नायू, मज्जा : ऊतींच्या नावांचा घोळ

इंदूरकर : मुलगी इथे हिंदी माध्यमात नववीत आहे. प्राण्यांच्या ऊतकांचे (टिश्यूंचे, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींच्या गटांचे; मराठीत ऊती) चार प्रकार पाठ करताना ‘पेशीय ऊतक’ म्हणाली, तर सासूबाईंनी अडवलं. ‘अगं, सगळ्याच ऊती पेशींच्या असतात, मग एकच प्रकार पेशीय कसा?’ मराठीत नक्की काय म्हणतात?

काळी माती : आपल्या शाळेच्या पुस्तकांत ऊती : अभिस्तर, संयोजी, स्नायू (मसल), चेता (नर्व्ह). मराठीपुरता सासूबाईंचा आक्षेप बिनतोड आहे. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात, त्यामुळे पेशी हा शब्द मसलसाठी मोकळा राहिला. मराठी विश्वकोशात मात्र कोशिका आणि ऊतक दोन्ही भेटतात, म्हणून मोठ्यांचाही गोंधळ होतो.

जुनी पोथी : हिंदीनेच जुना अर्थ धरून ठेवलाय. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. तिथली पेशी मांसाची. स्नायू म्हणजे सांधे, हाडं बांधून ठेवणारे चिवट बंध, आजचे अस्थिबंध (लिगामेंट) आणि स्नायुरज्जू (टेंडन) यांच्या जवळचे. हे दोन्ही संयोजी ऊतीत मोडतात. बंगालीत तर स्नायू म्हणजे नर्व्ह! भाषा बदलली की एकच शब्द चारांपैकी तीन खणांत फिरून येतो. आयुर्वेदाचं पुस्तक वाचताना ‘स्नायू’ दिसला की दंडाची बेटकुळी डोळ्यांसमोर आणू नका.

इंदूरकर : वा, हे सासूबाईंना ऐकवते. त्यांचा पुढचा प्रश्न तयारच आहे : रक्त कशाला काय जोडतं, की ते संयोजी?

काळी माती : ‘संयोजी’ नावामुळे होणारी दिशाभूल आहे ही. गट ठरतो रचनेवरून. अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना खेटून असतात, मध्ये जागा जवळजवळ नाहीच. संयोजी ऊतीत त्या सुट्या सुट्या आणि भोवती भरपूर आधारद्रव्य. हाडात ते कॅल्शियमच्या क्षारांनी टणक झालेलं, कास्थीत (कूर्चेत) लवचीक, रक्तात चक्क पातळ, म्हणजे प्लाझ्मा. शिवाय गर्भात हे सगळं मुख्यतः मधल्या थरातूनच घडतं. त्वचेत तर दोन्ही प्रकार एकावर एक मिळतात : वरचा पापुद्रा अभिस्तर, खालचा जाड थर संयोजी. चामडं कमावतात ते या खालच्या थराचं.

जुनी पोथी : चेता ऊतीला आमच्या पिढीत मज्जा ऊती म्हणत. पण अस्थिमज्जा हाडाच्या पोकळीतली, रक्तपेशी तयार करणारी. तिचा मज्जातंतूंशी काही संबंध नाही. ‘चेता’ आल्यामुळे ही अडचण तरी सुटली.

इंदूरकर : मग मज्जातंतू लिहिलं तर चूक?

काळी माती : चूक नाही, वर्तमानपत्रांत चालतं. मराठी पेपरात ‘चेता’ लिहावं, तुमच्या मुलीने ‘तंत्रिका’. बोलताना आपण सगळे ‘शीर दबली’च म्हणतो, आणि ती शीर रक्ताची नसते हे डॉक्टरांना बरोबर कळतं.