मदत हवी आहे: बंद भातगिरणीच्या जागेवर वृद्धाश्रम आणि घरं

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावात आजोबांची भातगिरणी होती. बंद पडून वीसेक वर्षं झाली. आता जागा साधारण ३० गुंठे, पडकी चिऱ्याची भिंत, आत गंजलेलं यंत्र आणि घुशींचं राज्य. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, उरलेल्यांत एकेकटी म्हातारी माणसं. शेजारच्या काकू गोळ्यांची पाकिटं दारच्या खिळ्याला टांगून ठेवतात, विसरू नये म्हणून!

म्हणून तिथे १५-२० जणांसाठी वृद्धाश्रम आणि मागे सेविकांच्या कुटुंबांसाठी चार-पाच छोटी घरं बांधायचा विचार आहे. घरं नसतील तर सेविका टिकायच्या नाहीत, हे माझं ठाम मत.

सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली तीन मुंबईची. त्यांना मी पटवतो, ते सोडा. जागा गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे. मग महसूल संहितेखाली ती बिनशेती करताना वृद्धाश्रम रहिवासी वापरात धरतात का? आणि आधी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट नोंदवून जागा त्याच्या नावे करावी, की भाडेपट्ट्याने द्यावी? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. गणपतीत सगळे भाऊबंद गावी येतील, तेव्हाच सह्या घ्यायच्या आहेत.