विंडोज + उबुंटू मोठ्या एसएसडीवर नेलं, पण सी ड्राइव्ह वाढत नाही. तातडीने मदत हवी

घाईत_आहे:
लॅपटॉपमध्ये विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. २५६ जीबीची एसएसडी तुडुंब भरली म्हणून १ टीबीची घेतली. क्लोन केलं (जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर), नवी बसवली, दोन्ही सुरू होतात. पण सी होती तेवढीच! जवळजवळ ६९३ जीबी 'अनअलोकेटेड' दिसतेय आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबताच येत नाही. उद्या काम द्यायचंय. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

चौकस:
क्लोन कशाने केलं? विंडोज कुठलं? पार्टिशन (डिस्कचे भाग) कोणत्या क्रमाने आहेत?

घाईत_आहे:
क्लोनझिला. ११. क्रम नेहमीचाच.

खटपट्या:
'नेहमीचा' म्हणजे बहुतेक असा: ईएफआय (बूट होण्यासाठी लागणारं), सी, विंडोजचं रिकव्हरी, उबुंटू, आणि पार शेवटी मोकळी जागा. विंडोज सी वाढवतं ते फक्त तिला उजवीकडून खेटून असलेल्या जागेत. तुमच्याकडे मध्ये दोन बिऱ्हाडं आहेत. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणारं उबुंटू) जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर उघडा, आधी उबुंटू शेवटाला सरकवा, मग रिकव्हरी, मग सी वाढवा. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करून नीट शटडाउन करा, नाहीतर जीपार्टेड एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टमला, हात लावणार नाही.

जुना_खेळाडू:
एवढा खटाटोप कशाला? नव्या डिस्कवर दोन्ही कोरे टाका. आधी विंडोज, मग उबुंटू. मी क्लोनच्या भानगडीत कधी पडलो नाही.

खटपट्या:
आणि सगळी सॉफ्टवेअरं, सेटिंगं, लायसन्स पुन्हा कोण घालणार? त्यांना उद्या काम द्यायचंय.

सरळमार्गी:
सी वाढवायचीच कशाला? त्या मोकळ्या जागेत एक एनटीएफएस पार्टिशन करा आणि डेटा तिथे टाका. उबुंटूलाही ते दिसतं. पाच मिनिटांचं काम.

घाईत_आहे:
सीवर ४ जीबी उरलेत, सगळी सॉफ्टवेअरं तिथेच आहेत. मला सीच वाढवायची आहे.

रात्रपाळी:
दोन्ही ओएसमध्ये घड्याळ वेगळी वेळ दाखवतं ना? उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. उबुंटूला स्थानिक वेळ धरायला सांगा, मिटलं.

चौकस:
घड्याळाचं कुणी विचारलंय?
घाईत, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का? असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. तसं असेल तर सी जीपार्टेडने वाढवू नका. बाकीचं सरकवून झाल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून वाढवा.

घाईत_आहे:
चालू आहे हे आत्ता कळलं. की घेतली.
अजून एक. काल उबुंटूत सेव्ह केलेली फाइल आज गायब आहे. याच्याशी संबंध नसावा.

चौकस:
जुनी एसएसडी कुठे आहे?

घाईत_आहे:
यूएसबी केसमध्ये, लॅपटॉपलाच लावलेली. फोटो लागतात अधूनमधून.

चौकस:
अहो, हे आधी सांगायचं! क्लोन केल्यावर दोन्हींचे यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) एकच असतात. ग्रब (उबुंटूचा बूटलोडर) आणि एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) त्यावरूनच डिस्क ओळखतात, त्यामुळे उबुंटू कधी नवीवरून उठतो, कधी जुनीवरून. तुमची फाइल दुसऱ्या डिस्कवर असणार. लॅपटॉप बंद करून जुनी काढा आणि सगळं पार पडेपर्यंत कपाटात ठेवा. तोच तुमचा बॅकअप. फाइल काढताना लाइव्ह यूएसबीवरूनच बूट करा.

जुना_खेळाडू:
म्हणूनच म्हणत होतो, कोरं टाका.

खटपट्या:
बघा, सांगायला आलेच.
घाईत, सरकवताना चार्जर लावून ठेवा. अर्ध्यात बंद पडलं तर त्या पार्टिशनचं काही खरं नाही. उबुंटूला वेळ लागेल, अडकलं समजून बंद करू नका.

घाईत_आहे:
झालं! उबुंटू सरकायला तासाच्या वर लागला, दोनदा रीस्टार्ट करायचा मोह आवरला. सी विंडोजमधून वाढवली. फाइल जुन्या डिस्कवर सापडली. पण १ टीबी घेऊन एकूण ९३१ च दिसतात, फसवलं का मला?

सरळमार्गी:
नाही. कंपनी १००० ने गुणते, विंडोज १०२४ ने भागतं. उबुंटूच्या डिस्क्समध्ये बघा, १ टीबीच दिसेल.

नवा_पाहुणा:
धागा वाचला नाही, पण क्लोनझिला वापरून बघितलं का?