लॅपटॉप तापतोय, पंखा बोंबलतोय: तुमचे अनुभव सांगा

मागावरचा: काल लेकीच्या लॅपटॉपचा पंखा असा काही घोंगावला की मला २०१८ चा एप्रिल आठवला. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे घर, खाली टॉवेलचे चार माग, वर आम्ही. बाहेर ४३ डिग्री, जीएसटी रिटर्नची २० तारीख, आणि टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्रॅम किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के. कीबोर्डला बोट लावलं की चटका. एका दुकानात नेला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, साडेसात हजार होतील. परत आणला. शेवटी शेजारच्या पोराने खालचे स्क्रू काढले. तांब्याच्या नळीच्या टोकाला जाळी असते ना, तिच्या आणि पंख्याच्या मधे सुताच्या धुळीची अख्खी गादी बसलेली. तीही निळी! त्या महिन्यात मागावर निळे टॉवेल होते. गादी चिमट्याने उचलली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) खरवडून नवी लावली, ९६ डिग्रीवरचा गडी सत्तरीवर आला. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग तेवढ्याच कामाला त्याची दमछाक होते, हे मला तेव्हा कळलं. तुमचं काय झालं ते लिहा.

शेंगाचटणी: मी टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस ९७’ बघून घाबरले आणि तीच बंद करायला अर्धा तास घालवला. नवरा म्हणाला, अगं ती म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय. आता मी जरा सोफ्यावर टेकले की लगेच, ‘आयडल सत्त्याण्णव!’

होटगी रोड: गादीवर ठिवून वापरायलेत आणि वर म्हणतेत तापायलाय. खालची जाळी बुजती की. त्यात चादर आपली सोलापुरी, जाड!

मागावरचा: 😄 चादरीला नावं ठेवू नका हो.

निवांत: ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पात्यात आधी काडी अडकवा. नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. माझं गेलं.

कडक भाकरी: माग कुठले तुमचे? आमचे वडील पण मागावर होते. रात्री खटखट थांबली की आम्हाला जाग यायची.

मागावरचा: २०२१ ला विकले. आता खाली भाडेकरू आहे, ब्यूटी पार्लर. शांतता आहे पण झोप नाही 😔

एक आई: मुलाचा रात्री दोनला घरघरायचा. टास्क मॅनेजर उघडला की गप्प, बंद केला की पुन्हा सुरू. वर्गात मास्तर आल्यासारखं! फुकटात उतरवलेल्या गेममधून कुणाचं तरी कॉइन मायनिंग (आपल्या प्रोसेसरवर डिजिटल नाणी कमावणं) चालू होतं. वीज आमची, कमाई त्यांची. सगळं फॉरमॅट केलं. गेम गेला म्हणून तो दोन दिवस जेवला नाही, मग शेंगापोळीपुढे हरला.

होटगी रोड: शेंगापोळीपुढं कोण पण हरतंय.

पार्क चौक: पॉवर ऑप्शनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ केलं. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, माझा दहाएक डिग्री उतरला. व्हिडिओ एडिटिंग जरा हळू होतं, चालतंय. तुमच्यात हा पर्याय दिसत नसेल तर मला विचारू नका, मलाही भाच्याने सांगितलं.

निवांत: आणि नवा लॅपटॉप पहिले एकदोन दिवस तापला तर लगेच दुकान गाठू नका. अपडेट, इंडेक्सिंग (शोधासाठी फायलींची यादी करणं), अँटिव्हायरस सगळे एकदम कामाला लागतात.

जुळे सोलापूर: आमचा आत्ताच तापलाय. पंखा चालू आहे, सीपीयू १२ टक्केच. पण टचपॅड दोन दिवस झाले वर आल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाही. हे धुळीनेच ना?

पार्क चौक: ताई, धूळ नाही, टचपॅडखालची बॅटरी फुगली असणार! आधी चार्जर काढा, बंद करा.

निवांत: +१. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. पलंगावरून, पडद्यापासून लांब, फरशीवर ठेवा. दुकानात न्याल तेव्हा आधीच सांगा, बॅटरी फुगली आहे म्हणून.

एक आई: बंद केला का? काहीतरी लिहा हो, जीव टांगणीला लागलाय.

जुळे सोलापूर: केला. बाल्कनीत फरशीवर सावलीत ठेवलाय. जरा थांबा, चार दिवसांनी पाणी आलंय, भरून येते.

कडक भाकरी: पाणी आलंय? कुठल्या भागाला? आमच्याकडे अजून थेंब नाही.