मदत हवी आहे: एचएफ (आर्क पेटवणारी हाय-फ्रिक्वेन्सी ठिणगी) सुटला की फ्लो सेन्सर भरकटतो

घाईतला_फॅब्रिकेटर: वॉटर-कूल्ड टिग वेल्डिंग टॉर्चला पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर बसवलाय. पाणी कमी झालं की अर्डुइनोने (छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड) रिले पाडून पेडलचं सर्किट तोडायचं, म्हणजे आर्क थांबेल. नुसता पंप चालू असताना आकडा ठीक असतो. आर्क मारला की कधी ०, कधी ४०, आणि रिले पडतो. परवा स्टेनलेसची टाकी द्यायचीय. कोड बदलू की सेन्सर?

टंग्स्टन_२४: टॉर्चचं मॉडेल १८ नंबर की २०? सेन्सर कुठला, जायच्या नळीवर की परतीच्या? ‘ठीक’ म्हणजे किती? पाण्यात काय घातलंय?

घाईतला_फॅब्रिकेटर: १८. सेन्सर वायएफ-एस२०१, पंपाला लागूनच. पाण्यात गाडीचं हिरवं कूलंट. प्रश्न सेन्सरचा आहे, पाण्याचा नाही.

चाकण_टिग: पाण्याचाही आहे, भाऊ. गाडीच्या कूलंटमधून वीज वाहते, एचएफ पाण्यावाटे कूलरच्या टाकीकडे गळतो. त्यात गळती बुजवणारं औषध असेल तर टॉर्चच्या बारीक वाटाही बुजतात. सगळं काढा, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने दोनदा धुवा, टिगचंच कूलंट भरा.

पल्स_मोजा: सेन्सरही चुकलाय. एस२०१ ची रेंज मिनिटाला १ ते ३० लिटर. टॉर्चला साधारण १ लिटर लागतं, तिथे सेन्सरकडून सेकंदाला जेमतेम ७-८ पल्स (विजेचे ठोके) येतात. एचएफचे चार खोटे पल्स घुसले की आकडा गेला. एस४०१ घ्या, ०.३ ते ६ लिटर, आणि परतीच्या नळीवर कूलरच्या टाकीजवळ लावा. पंपाजवळ लावलात तर पुढे नळी फुटली तरी सेन्सर पाणी वाहतंय म्हणूनच सांगणार. परतीचं पाणी पॉवर केबलवरून येतं. तिथलं तांबं बारीक असतं, पाणी थांबलं की आधी तीच जळते.

साधं_बरं: अर्डुइनो कशाला? रीड फ्लो स्विच (पाण्याच्या जोराने पिस्टन सरकून चालू होणारा) लावा, पेडलच्या सिरीजमध्ये टाका, झालं.

पल्स_मोजा: त्यातलं पिस्टन गाळाने अडकलं तर तो कायम ‘चालू’च दाखवतो. लावायचाच तर रोज सकाळी पंप बंद करून ट्रिप होतो का पाहायचं. आणि पेडलला हे जमतं. टॉर्चच्या बटणावर ४टी मोडमध्ये (एकदा दाबून सोडायचं, पुन्हा दाबून बंद करायचं) संपर्क तुटला तरी आर्क सुरूच राहतो, तिथे मशीनच्या कूलर-फॉल्ट इनपुटलाच जोडावं लागतं.

आर्गॉन_राजा: लाल टोकाचा टंग्स्टन इलेक्ट्रोड वापरत असाल तर सोडा, त्यात किरणोत्सर्गी थोरियम असतं. निळा घ्या.

टंग्स्टन_२४: तो वेगळा विषय, दादा. फॅब्रिकेटर, वेल्डिंग मशीन बंद पण पंप चालू ठेवून परतीची नळी काढा, मापाच्या भांड्यात १ मिनिट पाणी धरा. मग बोलू.

घाईतला_फॅब्रिकेटर: ६०० मिली!

टंग्स्टन_२४: म्हणजे टॉर्च तहानलेलीच आहे. आधी पंपाची जाळी पाहा. नंतर टॉर्च काढून दोन्ही नळ्या थेट जोडा. धार वाढली तर टॉर्च चोंदलीय, परतीच्या बाजूने हलक्या हवेने फुंका.

घाईतला_फॅब्रिकेटर: जाळीवर शेवाळासारखा हिरवा थर होता, बोटाने सोलून निघाला. आता १.१ लिटर. पण एचएफला आकडा अजून हलतो.

पल्स_मोजा: शील्डेड वायर, शील्ड फक्त अर्डुइनोच्या टोकाला ग्राउंड. सिग्नलचा पुल-अप रेझिस्टर १०के (किलो-ओहम) ऐवजी १के. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वायर टॉर्च केबलपासून फूटभर लांब. कोडमध्ये सलग २ सेकंद फ्लो कमी दिसला तरच रिले पाडा.