मदत हवी आहे: मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनने भूक आणि शुगर खरंच कमी होते का?

नमस्कार मंडळी, आईला ६ वर्षांपासून टाइप २ डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू आहे, मागच्या वेळी एचबीएवनसी (मागच्या २-३ महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ७.४ आलं आणि आता तिला कोणीतरी कॅप्सेसिनच्या कॅप्सूल घ्यायला सांगितल्यात, भूक मरते आणि शुगरपण उतरते म्हणे. मी थोडं वाचलं. कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला (पेशीवरचा संदेश पकडणारा भाग) चिकटतं, तोच जो गरम चटका ओळखतो, ज्यावरच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं. हा रिसेप्टर आतड्यातही असतो आणि उंदरांवरच्या प्रयोगात तो चालू झाल्यावर जीएलपी-१ वाढलेलं दिसलंय, म्हणजे तेच हार्मोन जे पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, इन्सुलिन वाढवतं आणि पोट भरल्यासारखं वाटायला लावतं. पण उंदीर वेगळा आणि माझी आई वेगळी ना! शिवाय सारखं सारखं घेतलं की रिसेप्टर बधिर होत जातो, मग महिन्याभराने उपयोग राहतो का?

तिला अॅसिडिटी आहे, मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, त्यामुळे मला जास्त काळजी पोटाची वाटतेय. डॉक्टरांना विचारणार आहेच, तोवर कॅप्सूल बंदच ठेवल्यात. पण तुमच्यापैकी कोणी मीटरवर जेवणाआधी आणि २ तासांनी मोजून बघितलंय का, फरक पडला का, पोटात जळजळ झाली का? आहारतज्ज्ञ कोणी असाल तर प्लीज नक्की सांगा, ती रोज विचारतेय सुरू करू का म्हणून.